भाताच्या पोत्यांतला पखवाज

'हायफाय' म्हणजे काय हे शहापूर-मुरबाडकडच्या माणसाला नव्वदच्या दशकात विचारलं असतं, तर त्याने एका दमात सांगितलं असतं : ज्याच्या पुढच्या बाजूला लाल-हिरवे दिवे नाचतात ते. दिवे जितके जास्त तितका आवाज चांगला, असा सरळ मामला होता. एक गिऱ्हाईक तर माझ्या टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर आदळून म्हणालं होतं, "आवाज ऱ्हाऊ द्या हो, एक बाजू बंद असली तरी चालतं. दिवे तेवढे चालू करा. पाव्हणे यायचेत."

माझं दुकान शहापूरच्या एसटी स्टँडजवळ. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं शिक्षण घेतलं, पोट दुरुस्तीवर भरलं, पण जीव रमला तो स्पीकर लावण्यात. आता यात लावण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. आमच्या घरातही तसंच वाटायचं. "दोन खोकी ठेवायला माणूस सकाळी जातो आणि तिन्हीसांजेला परत येतो," असं आमची ही शेजारणींना सांगायची. तिला मी कितीदा तरी समजावलं. ती ऐकून घ्यायची आणि भाजी निवडत राहायची.

तुम्हाला मात्र समजावतो, कारण तुम्ही भाजी निवडत नसाल अशी आशा आहे.

स्पीकर विकत मिळतो, आवाज मिळत नाही. आवाज खोलीत तयार होतो. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खालचा, घुमणारा आवाज नको तितका फुगतो. कपाटावर चढवला की बारीक आवाज आपल्या डोक्यावरून निघून जातो. स्पीकरचा छोटा गोल भाग, जो बारीक आवाज काढतो, तो बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला हवा. दोन्ही स्पीकर आणि ऐकणारा यांच्यात सारखं अंतर हवं. आणि वायरी. लाल लालला, काळी काळ्याला. एका स्पीकरच्या वायरी उलट जोडल्या तर एक पडदा हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि दोघांच्या ओढाताणीत ढोलकीची थापच नाहीशी होते. ते तपासायला मी खिशात पेन्सिल सेल ठेवायचो. सेल वायरींना टेकवायचा, पडदा टुणकन पुढे आला तर जोडणी बरोबर.

एवढं ज्ञान घेऊन मी स्कूटरवरून गावोगाव फिरायचो. पण लोकांची घरं काही माझं ज्ञान विचारून बांधलेली नव्हती. शहापुरातल्या एका वहिनींनी स्पीकर शोकेसमध्ये, काचेच्या आत ठेवले होते. वर क्रोशाची झालर, पुढे प्लास्टिकची फुलं. "आवाज दबका येतो," ही तक्रार. मी म्हटलं, वहिनी, काच तरी सरकवा. त्या म्हणाल्या, "मग धूळ बसेल ना!" शेवटी गाणं लागलं की काच उघडी आणि गाणं संपलं की बंद, असा तह झाला.

शेणव्याला एक सरकारी नोकरीतले गृहस्थ होते. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, खाली स्वच्छ पांढरा टेबलक्लॉथ, आणि दोन्ही स्पीकर खिडकीत, तोंडं बाहेर रस्त्याकडे. मी ते आत वळवायला गेलो तर माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या तसेच. सकाळची वंदना सगळ्या आळीला ऐकू जाते." मी विचारलं, मग घरात बसलेल्यांनी काय ऐकायचं? ते म्हणाले, "घरातले काय, तोंडपाठ हाय आमाला."  मी स्पीकर खिडकीतच पक्के बसवले, वरून पावसासाठी पत्र्याची पट्टीही मारून दिली.

अशी गिऱ्हाइकं खूप. पण जिच्यामुळे मी हा धंदा करतो याचा मला मनापासून आनंद झाला, ती हकिकत टोकावड्याच्या अलीकडच्या एका गावातली आहे. तीच सांगतो.

दामूतात्या त्या गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. तसे शेतकरी, भाताची शेती, पण पंचक्रोशीत ओळख पखवाजाची. एकदा पेरणीच्या दिवसांत त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. औषधपाण्याने चालायला लागले, बोलणंही पुष्कळ सुधारलं, पण डावा हात गेला तो गेलाच. पखवाजाच्या डाव्या पुडीला, म्हणजे त्या तोंडावरच्या चामड्याला, भिजवलेली कणीक लावतात, तो भरदार घुमणारा आवाज तिथून येतो. त्या बाजूला धूम म्हणतात. तात्यांची ती बाजूच बंद झाली. त्यांनी भजनाला जाणं सोडलं. मंडळी बोलवायला यायची तर हे तोंडावर चादर ओढून घ्यायचे.

त्यांचा मुलगा काशिनाथ मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता. वडील असे गप्प झालेले त्याला बघवेनात. त्याने डेक, अ‍ॅम्प्लिफायर आणि शहापूरच्या सुताराने केलेल्या लाकडी पेट्यांमधले दोन चांगले स्पीकर घेतले, भजनाच्या कॅसेटी जमवल्या आणि मला लावायला बोलावलं. दुकानातच म्हणाला, "प्रकाशभाऊ, दिवे नसले तरी चालतील. पखवाज पखवाजासारखा वाजला पायजे. नायतर बाबा उठून जातील."

दिवे नसले तरी चालतील! मी त्या माणसाच्या प्रेमातच पडलो.

भाताची झोडणी नुकतीच उरकली होती. नवं विटांचं घर, वर स्लॅब, खाली गुळगुळीत लादी. पुढचा हॉल रुंदीला बेताचा, पण चांगला लांब. आणि त्या हॉलच्या मागच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भाताची पोती, डोक्याएवढ्या उंचीची थप्पी. त्यांच्याकडे नवं भात पुढच्या घरात ठेवून त्याला हळदकुंकू वाहायची रीत. जुन्या घरात ते माजघरात असायचं, नव्या घरात हॉलमध्ये आलं. थप्पीला टेकूनच तात्यांची खाट होती.

मी स्पीकर समोरच्या भिंतीपासून थोडे पुढे ओढून दोन स्टुलांवर ठेवले, तोंडं तात्यांच्या खाटेकडे किंचित वळवली, सेल टेकवून वायरी तपासल्या आणि कॅसेट लावली. तात्या थप्पीकडे तोंड करून पडले होते. पखवाजाची पहिली थाप पडली तशी मान वळली. मग ते उठून बसले. मग उजव्या हाताची बोटं मांडीवर हलायला लागली.

"डाव्या पुडीला कणीक जरा जास्त लावलीय त्यानं," तात्या म्हणाले.

कॅसेटमधल्या वादकाच्या कणकेत खोट काढणारं गिऱ्हाईक मला पहिल्यांदाच भेटत होतं. काशिनाथची बायको सुमन दारात उभी होती, ती पदर तोंडाला लावून आत पळाली. हसत होती की रडत होती कोण जाणे. मला तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि मी शीळ घालत घरी आलो.

शिमगा झाला आणि काशिनाथ दुकानात हजर. चेहरा उतरलेला. "भाऊ, मशीन बिघडली. बाबा म्हनतात आवाज गेला. लावूच देत नायत."

मी गेलो. हॉल आता झाडून पुसून लख्ख, कोपऱ्यात नवी प्लास्टिकची खुर्ची. स्पीकर जागच्या जागी. सेल टेकवला, दोन्ही पडदे पुढे आले. डावा उजवीकडे लावून पाहिला, डेकचं हेड पुसलं, माझी स्वतःची ओळखीची कॅसेट लावून पाहिली. यंत्रात खोट काढायला जागा नव्हती. पण तात्या मान हलवत होते. "हा पखवाज नाय. हा पत्र्याचा डबा हाय. एक थाप पडते नि मागं तिचीच सावली पडते."

मी अ‍ॅम्प्लिफायर दुकानात नेला, आठवडाभर चालवला, कुठे काही नाही. परत नेऊन जोडला. तात्यांनी क्षणभर ऐकलं आणि हाताने खूण केली : बंद कर.

काशिनाथने मला ओट्यावर नेलं. हळू आवाजात म्हणाला, "भाऊ, तुमचा काय दोष नाय. बाबांचंच... डोक्यावर पन झाला असंल परिनाम. डाक्तर म्हनलेवते की होऊ शकतं." आणि मग खाली बघून, "ते हल्ली म्हनतात, सूनबाई एकदा हाक मारते नि मना दोनदा ऐकू येते. आता सांगा."

मी आत आलो. तात्यांनी आमचं बोलणं ऐकलं होतं की काय, ठाऊक नाही. त्यांनी उजव्या हाताने माझं मनगट धरलं.

"मेस्तरी, खरं सांगा. हात गेला, ठीक हाय. माजा कान पन गेला का?"

 त्या माणसाने सगळं आयुष्य दोन गोष्टींवर काढलं होतं, हात आणि कान. अर्धा हिशेब चुकता झाला होता. उरलेल्याबद्दल ते मला विचारत होते, आणि मी कोण, तर एसटी स्टँडजवळचा रेडिओ दुरुस्त करणारा. "नाही तात्या, तसं काही नाही," असं काहीतरी मी पुटपुटलो. त्यांना ते पटलं नाही, कारण मलाच पटलं नव्हतं.

तेवढ्यात सुमनने स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबाऽ, चा घेता का?"

आणि मी ती हाक दोनदा ऐकली.

एकदा तिच्या तोंडून, आणि लगेच मागच्या भिंतीकडून, जरा पातळ अशी. मी उठलो आणि हॉलच्या मधोमध उभा राहून जोरात टाळी वाजवली. टाळी टर्रकन परत आली. कुठल्याही नव्या खोलीत शिरलो की टाळी वाजवून बघायची ही माझी सवय. पण ही खोली माझ्या ओळखीची, म्हणून या खेपेला वाजवलीच नव्हती. ओळखीची कसली! मी मागच्या भिंतीकडे बघत राहिलो. नुसती कोरी, ऑइलपेंट मारलेली, चकचकीत भिंत.

"काशिनाथ, इथलं भात कुठे गेलं?"

"भात? गिरणीवर दिलं की. खायापुरतं मागल्या खोलीत ठेवलंय. का?"

"तुझ्या वडिलांचा कान ठणठणीत आहे. तुझं भात जागेवर नाही."

त्याला वाटलं, या घरात आता वेडे दोन झाले.

मी समजावलं. आवाज स्पीकरमधून निघतो, आपल्या कानावर पडतो, पुढे जाऊन मागच्या भिंतीवर आपटतो आणि चेंडूसारखा परत येतो. कडक भिंत, कडक लादी, कडक स्लॅब. जाऊन जाऊन जाणार कुठे? थप्पी होती तेव्हा तो पोत्यांत शिरायचा आणि तिथेच मुरायचा. तात्यांच्या पाठीमागून काहीच परत यायचं नाही. मी डिसेंबरात शीळ घालत घरी गेलो, त्यात माझ्या हुशारीइतकाच भाताचा वाटा होता.

"असं कुठं असतंय होय?" काशिनाथ म्हणाला.

"पोती आण. दाखवतो."

त्यांच्या घरी उरली होती ती मूठभर पोती. त्यांत भागणार नव्हतं. मग सुमनच पदर खोचून ओट्यावर गेली आणि तिने समोरच्या घराला साद घातली, "ओ काकी, तुमची भाताची पोती द्या गो जरा! बाबांना गानी ऐकायचीत!"

हे वाक्य त्या गावात त्याआधी कोणी उच्चारलं नसावं. पण आपली माणसं मोठी गमतीची. कारण नंतर विचारतात, पोतं आधी उचलतात. समोरून पोती आली, शेजारून आली, वरच्या आळीतून एकाने बैलगाडीच जोडून आणली. जो तो पाठीवर भात घेऊन हॉलमध्ये शिरत होता आणि बाहेर पडताना विचारत होता, "लगीन हाय का काय?" एका म्हातारबांनी तर मला सरकारी खरेदीचा माणूस समजून भाव विचारला.

थप्पी उभी राहिली. कॅसेट लावली. थाप पडली आणि तात्यांचा चेहरा असा उजळला की दाराशी गर्दी केलेली माणसं बोलायची थांबली.

"आला," तात्या म्हणाले. "हा बग. हा पखवाज."

काशिनाथ मात्र कंपनीत तपासणी खात्यात काम करणारा. माझ्या कानाशी लागला, "पोती डोळ्यांनी दिसतात म्हनून तर बोलत नसतील?" तो कुजबुजला खरा, पण त्याच्या वडिलांचा कान आता भलताच फॉर्मात होता.

"बांध माजे डोळे," तात्या म्हणाले. आणि स्वतःच उपरणं पुढे केलं.

मग जो खेळ झाला त्याला तोड नाही. तात्या डोळे बांधून खाटेवर. चार गडी अनवाणी पायांनी, श्वास रोखून, पोती बाहेर नेतात. एक धापा टाकायला लागला तर दुसरा त्याच्या तोंडावर हात ठेवतो. आवाज झाकायला म्हणून सुमन मुद्दाम भांडी आपटते. मग सगळे चिडीचूप. मी कॅसेट लावतो.

"काढली पोती," तात्या.

परत आत. परत कॅसेट.

"आणली."

मग काशिनाथने डोकं लढवलं. निम्मी थप्पी, फक्त डाव्या अंगाची, बाहेर न्यायला लावली. तात्यांनी मान तिरकी केली, जरा जास्त वेळ ऐकलं. 

"अर्धी कुटं टाकली रे?" तात्या म्हणाले. "ह्या बाजूची. ठेवा परत, गुमान. माजा बाप शेतात राबून भात पिकवायचा, असा पोरखेळ नाय केला त्यानं पोत्यांचा."

हसण्याचा असा स्फोट झाला की बाहेर बैल बिथरले. काशिनाथ हसला नाही. तो खाली बसला, वडिलांच्या डोळ्यांवरचं उपरणं सोडलं आणि त्याच उपरण्याने स्वतःचे डोळे पुसायला लागला. "बाबा, मना वाटलं..." एवढंच म्हणाला. तात्यांनी त्याच्या डोक्यावर उजवा हात ठेवला. मी वायरी गुंडाळत बसलो. वायरी गुंडाळायच्या नव्हत्या, पण बघायला दुसरं काही नव्हतं.

शेजाऱ्यांचं भात शेजाऱ्यांना परत द्यायलाच हवं होतं. त्यावर मी तोडगा काढला : रिकाम्या पोत्यांत भाताचा पेंढा ठासून भरायचा आणि तशीच थप्पी लावायची. पेंढा आवाज छान पितो, आणि तो कोणी विकत मागत नाही. सुमनने हरकत घेतली, नव्या घरात पेंढा बघून माहेरची माणसं काय म्हणतील? मग तिनेच वरून खालपर्यंत गोधड्या सोडल्या, रंगीत बाजू पुढे करून. भिंत इतकी देखणी दिसायला लागली की गावातल्या दोन-तीन घरांनी स्पीकर नसतानाही तसं करून घेतलं.

पुढे मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायला लागलो, "हॉलमध्ये भात किती दिवस असतं?" लोक हसायचे. पण खोली वर्षभर एकसारखी नसते, हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. आमच्या भागातली खोली पिकाबरोबर बदलते. आता तो प्रश्न विचारायची वेळच येत नाही. हल्ली मुठीत मावणारा डबा मोबाइलला जोडतात आणि टीव्हीवर, फ्रीजवर, खिडकीत कुठेही ठेवतात. आवाज येतो, जोरातही येतो. स्पीकर कुठे ठेवू, असं मला शेवटचं कुणी विचारलं ते आठवत नाही. वाईट वाटतं. माझेही कान आता उतरले आहेत, बारीक आवाज वाजतोय की नाही हे नातवाला विचारावं लागतं. असो.

त्या पोत्यांच्या खेळाच्याच वर्षी, भात निसवून लोंब्या बाहेर पडायला लागल्या तेव्हा मी टोकावड्याला एका ढाब्याची साऊंड सिस्टीम बघायला चाललो होतो. दुपारची वेळ, एकादशी होती. तात्यांच्या गावाजवळ आलो तर रस्त्यावर पखवाज ऐकू आला. स्कूटर थांबवली. काय आवाज होता! भरदार, मोकळा, थाप वेगळी आणि घुमणं वेगळं. मी स्वतःवर इतका खूश झालो की ढाबा सोडून सरळ गावात वळलो. स्तुती ऐकायला माणूस वाट वाकडी करतोच.

हॉलच्या दारात पोचलो आणि बघतो तर माझे स्पीकर कोपऱ्यात, एकावर एक. वरच्यावर पाण्याचा तांब्या ठेवलेला. अ‍ॅम्प्लिफायर बंद. गोधड्यांच्या भिंतीला पाठ लावून अख्खं भजनी मंडळ बसलं होतं, टाळ, वीणा आणि सगळं. देवळात बसायचा रिवाज मोडून ते सहा महिने याच खोलीत बसत होते. "इथं टाळानं कान किटत नायत," असं त्यांचं म्हणणं.

पखवाजासमोर दोघं बसले होते. एक मंडळातला विलास, एसटीत कंडक्टर, अंगावर खाकी पँट तशीच, कामावरून थेट आलेला. त्याला लागून, मांडीला मांडी भिडवून, तात्या. उजव्या पुडीवर तात्यांचा उजवा हात, डाव्या पुडीवर विलासचा डावा. एक पखवाज, दोन माणसं. तात्यांची बोटं धावत होती आणि त्यांचा खांदा नुसता हलला की विलासची थाप बरोबर त्या जागी पडत होती.

मध्येच तात्या थांबले. "मागं पडलास, विलास. केसाएवढा."

"कुठं तात्या? बरोबर तर होतो," विलास म्हणाला.

काशिनाथ टाळ घेऊन भिंतीशी बसला होता. त्याने मान वर केली नाही. "बाबा म्हनतात मागं पडलास," तो म्हणाला, "म्हंजे पडलास. घे पुन्ना."

विलासने कणीक दाबून सारखी केली, डावा तळवा उचलला आणि तात्यांच्या खांद्याकडे बघत थांबला.